मागावर लक्ष ठेव

"मावशी, आईशी काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. गाडी येऊन थांबलीये," समोरच्या गॅलरीतून काडीचा मुलगा ओरडला.

मावशीला शब्दही ऐकू आला नाही, ओठांवरून कळले. अर्धे आयुष्य कापड गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेले होते आणि कान तिथेच राहिले होते. काडी शेजारच्या मागांवर. अंगाने वाळकी, म्हणून काडी. तिथे बोंब मारली तरी ऐकू जात नसे, म्हणून बाया ओठांनी आणि हातांनी बोलायच्या. मुकादमाच्या तोंडावर त्याची टर उडवायच्या आणि त्याला वाटायचे, कामाचेच चालले आहे.

मग बाहेरून स्वस्त कापड येऊ लागले. कापडापेक्षा खालच्या जमिनीला भाव जास्त, हे मालकाला कळायला वेळ लागला नाही. माग भंगारात गेले, पोरे पोटामागे पांगली. हातांनी बोलणाऱ्या एकेक करून गेल्या आणि या दोघी उरल्या, रस्त्याच्या दोन बाजूंना. रोज संध्याकाळी या गॅलरीतून त्या गॅलरीत गप्पा. खालचे लोक म्हणत, म्हाताऱ्यांचे डोके फिरले आहे. बाकी सगळे मावशीशी भांडल्यासारखे ओरडून बोलत. न ओरडता बोलणारी काडी एकटीच.

काडीच्या मुलाला काम दूरच्या शहरात मिळाले होते, गोदामात. आईला एकटी कशी ठेवणार? त्याचे काही चुकत नव्हते, आणि म्हणून मावशीला रागावताही येत नव्हते. रोज व्हिडिओ कॉल लावून देईन, म्हणाला. काल लावूनही पाहिला. फोनमध्ये काडीचे नुसते नाक दिसले, हात बाहेरच राहिले. दोघी पोट धरून हसल्या, आणि मग मावशीने फोन पालथा ठेवला.

मावशीला सांगायचे होते, जाऊ नकोस. हात वर गेलेही. पण त्यांनी भलतेच सांगितले, "सुनेशी भांडू नकोस."

"भांडायला तिला माझं कळायला तर हवं," काडीचे हात म्हणाले.

ती खाली उतरली. गाडीचे दार धरून वळली, दोन बोटे डोळ्यांपाशी नेली आणि पंजा मागे ढकलला. पाणी प्यायला जाताना शेजारणीला करायची ती खूण. माझ्या मागावर लक्ष ठेव, आलेच.

मावशीचा हात सवयीने छातीवर गेला. बघते.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. मावशी आत जायला वळली. पण 'बघते' म्हटले की शेजारीण परत येईपर्यंत तिच्या मागाकडे पाठ करायची नाही, अशी तिथली रीत होती.

अंधार पडला. शेजारची सून दारातून हाका मारत होती, "मावशी, आत या, गार पडलंय." मावशी समोरच्या कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून उभी होती.