गड्डा धरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. खरं म्हणजे होतो. पंखा, मोटर आणि गवताच्या जाळ्या केव्हाच गेल्या. आता माझी नुसती पत्र्याची टाकी उरली आहे, तीही गंजलेली. अशा वस्तूनं आपली गोष्ट सांगावी का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. कंटाळा आला तर तुम्ही मध्येच पान उलटा. मला वाईट वाटणार नाही.

क्रांती चौकामागच्या एका छोट्या दुकानात मुबारक मिस्त्रींनी मला घडवलं. कोपऱ्याचा सांधा बसला की ते हातोडीनं हलकेच ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "अच्छा बोलता है." माझं एवढं कौतुक पुढं कुणी केल्याचं आठवत नाही. तिथून सत्यमनं मला पुंडलिकनगरच्या घरी आणलं. त्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की त्याची बायको सोनिया नळी लावून माझी टाकी भरायची. आमच्या शहराचं वैशाखातलं ऊन ज्यानं सोसलं आहे, त्याला त्या वेळी मला मिळणारा मान कळेल. आलेला पाहुणा आधी माझ्यासमोर बसायचा आणि मग बोलायला लागायचा.

पुढं माझा तळ गंजला. पाणी भरलं की सकाळपर्यंत खोलीभर पसरायचं. सत्यमनं दोनतीनदा भोकांत लांबी भरून पाहिली. मग भिंतीवर एसी आला आणि मी गच्चीवर गेलो. तिथं माझ्यात पावसाचं पाणीसुद्धा थांबत नसे. कबुतरं येऊन बसायची. सत्यम वर आला की म्हणायचा, "भंगारवाला आला की देऊन टाकू." भंगारवाल्याची हाक गल्लीत ऐकू आली की मी श्वास रोखून धरायचो. पत्र्याला श्वास असतो का, असं तुम्ही विचाराल. मलाही खात्री नाही.

त्याच सुमाराला सत्यमची आई, द्वारकाबाई, गंगापूरकडच्या गावाहून इथं राहायला आली. तिचा नवरा कारभारी त्या चैत्रात वारला होता. गावाकडच्या घराला कुलूप होतं. ती गच्चीवर येऊन कठड्याशी बसायची आणि पश्चिमेकडं बघत राहायची. खाली जेवायला बोलावलं तर अर्धी भाकरी खाऊन उठायची, असं सोनिया शेजारच्या गच्चीवरच्या जाहेदाला सांगत होती. आमच्या दोन गच्च्यांमध्ये फक्त कमरेएवढी भिंत आहे. अर्धा संसार त्या भिंतीवरून चालतो.

"पोळा झाला की जाते," द्वारकाबाई म्हणायची. पोळा झाला की, "दसरा झाला की जाते. घराला दिवा लागत नाय माझ्या."

"तिथं एकट्या काय कराल, आई?" सोनिया विचारायची.

"इथं तरी काय करते?"

सासू गावी एकटी राहिली तर खायची नाही आणि बोलायची नाही, हे सोनियाला दिसत होतं. पण नुसतं 'थांबा' म्हटल्यानं कुणी थांबत नाही.

मग एका रविवारी सोनियानं मला सरळ केलं, झाडून घेतलं आणि माझ्यात माती भरली. खाली वाळकी पानं, वर शेणखत आणि लाल माती. पाणी घातलं, तर ते माझ्या गंजक्या भोकांतून हळूहळू निथळून गेलं. "बघा आई, आयतीच सोय आहे," ती म्हणाली. मित्रांनो, ज्या भोकांमुळे मला घराबाहेर काढलं, त्यांना कुणी सोय म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सोनिया शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी करते. तिथल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनं केलच्या बियांची पाकिटं मागवली होती. केल म्हणजे कोबीच्या घराण्यातली पालेभाजी. एका पाकिटावर झालरीसारखी कुरळी पानं होती. दुसऱ्यावर लांब, काळपट, खडबडीत पानं होती आणि नाव लिहिलं होतं डायनासोर. तिसऱ्यावर रुंद, सपाट, निळसर पानांचं कोलार्ड होतं. ते केलचंच भावंड, पण ऊन जास्त सोसणारं.

"जागा थोडी आहे. कोणतं लावू?" सोनियानं विचारलं.

जाहेदा भिंतीवर कोपरं टेकून उभी होती. "भाभी, ये घुंगराले बालवाली लगाव. दिसायला भारी है."

द्वारकाबाईनं पाकीट डोळ्यांजवळ धरलं. "दिसायला भारी, अन् धुयाला? ह्या सुरकुत्यात माव्याची कीड बसंल, तर काढायची कुणी? तू येशील का?"

"मैं तो भिंतीच्या इकडूनच मदत करते, अम्मा."

"ते म्हाईत हाय मला." मग तिनं दुसरं पाकीट उचललं. "ह्यो कसला जनावराच्या नावाचा पाला?" आणि तिसऱ्यावर ती थांबली. रुंद पानांवरून तिनं बोट फिरवलं. "हे बरं दिसतंय. कोबीवाणी हाय. आमच्या वावरात लावायचे हे कोबी. त्यांना लई आवडायचा गड्डा."

त्यांना, म्हणजे कारभारींना. सोनियानं तिन्ही पाकिटं फोडली. दोन्ही केल तिनं एका बाजूला दाट पेरले आणि कोलार्डचं बी दुसऱ्या टोकाला टाकलं. त्यातली मोजकीच रोपं उगवली.

दिवाळी गेली. थंडी पडली. माझ्यात पहिल्यांदाच काहीतरी वाढत होतं. मुळं पत्र्याला लागायची तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. द्वारकाबाई सकाळी वर येऊन पाणी घालायची, पानं उलटून मावा बघायची. पण "दिवाळी झाली, आता संक्रांत झाली की जाते" हे चालूच होतं.

एके दिवशी सोनिया कामावर गेल्यावर ती वर आली. दाट उगवलेल्या केलकडं तिनं थोडा वेळ पाहिलं. मग मेथी उपटतात तसं मुठीत धरून, सगळंच्या सगळं मुळासकट उपटलं. मुळांची माती माझ्या कडेवर झटकली, जुड्या बांधल्या आणि खुशीत खाली गेली. आमच्याकडं पालेभाजी अशीच काढतात. वाफा रिकामा झाला की पुन्हा पेरतात. तिचं काय चुकलं, हे मलाही तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी सोनिया वर आली आणि माझ्याकडं बघतच उभी राहिली. तिच्यामागून द्वारकाबाई ताट घेऊन आली.

"दाण्याचा कूट लावून पातळ भाजी केलीय. जरा कडवट हाय, पर भाकरीसंगं लागतीय बरी. खा गरम गरम."

"सगळं काढलंत, आई?"

"मग? जून झाल्यावर काढायचं व्हतं का?"

भिंतीपलीकडून जाहेदा पटकन बोलून गेली, "या अल्ला. अम्मा, इसके खालचे खालचे पत्ते तोडते. शेंडा रख्या तो उन्हाळ्यापर्यंत चलता."

द्वारकाबाईच्या हातातलं ताट खाली आलं. "मला काय कळतं इथलं," ती म्हणाली. "पोरीनं हौसेनं लावलं, अन् मी घाण केली. उद्या सकाळच्या गाडीनं जाते मी. सत्यमला सांग."

सोनियानं ताट तिच्या हातून घेतलं आणि माझ्या कडेवर टेकून तिथंच जेवायला बसली. भाकरी मोडली, भाजीत बुडवली. मग तिनं कोलार्डकडं बोट केलं.

"ही का नाही काढली?"

"ह्याला गड्डा धरायचाय अजून. कच्चा कोबी कोण उपटतं का?"

सोनियाचा घास हातातच राहिला. पाकिटावर काय लिहिलं होतं ते तिला माहीत होतं. कोलार्डला गड्डा धरत नाही, कधीच धरत नाही. जाहेदानं तोंड उघडलं, तेवढ्यात सोनियानं भिंतीवरचा तिचा हात दाबला.

"मग गड्डा धरेपर्यंत तरी थांबा, आई," ती म्हणाली. "मला नाही जमणार ते राखायला. आज बघितलंत ना, मला दाट रोपांची विरळणीसुद्धा आली नाही."

द्वारकाबाईनं कोलार्डकडं पाहिलं, मग ताटाकडं. "मीठ कमी झालंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"बरं. गड्डा धरू दे. मग जाईन."

संक्रांत झाली. होळीही झाली. कोलार्डचे दांडे उंच झाले. द्वारकाबाई आता खालची पानं तोडते आणि शेंडा ठेवते. ऊन वाढलं तेव्हा तिनं जुन्या लुगड्याची सावली बांधली. रिकाम्या बाजूला कोथिंबीर पेरली. पूर्ण भाकरी खाते, असं कानावर येतं. गावाकडचा विषय निघाला की म्हणते, "अजून गड्डा कुठं धरलाय?"

परवा सोनिया कामावर असताना जाहेदाला राहवलं नाही. "अम्मा, सच बोलू? इसको गड्डा कभी धरताच नई."

द्वारकाबाई पानं पुसत होती. ती तशीच पुसत राहिली. "मला म्हाईत हाय, बाई. जल्म वावरात गेला माझा. संक्रांतीलाच कळलं."

"फिर?"

"फिर काय? सोनियाला सांगू नको. लई मनापासून गप बसलीय ती."

मित्रांनो, म्हणून मी हे सगळं सांगायला घाबरत होतो. दोघींचंही गुपित माझ्याच कडेवर बसून बोललं गेलं आहे. मला उपदेश करता येत नाही, आणि गळक्या टाकीनं तो करूही नये. पण तुमच्या घरातही कुणी जायला निघालं असेल, तर त्याला नुसतं 'थांबा' म्हणू नका. काहीतरी राखायला द्या. आणि कधी पुंडलिकनगरच्या या गच्चीवर आलात आणि द्वारकाबाईनं पानं तोडता तोडता गड्ड्याची गोष्ट काढली, तर मान डोलवा आणि म्हणा, "धरेल हं, आजी. अजून वेळ आहे."