पाचवा खडा

ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार. सुपीरियर सरोवरावरून गार वारा येत होता आणि अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, डॉ. कॅरिन ओस्बी आपलं कपाट रिकामं करत होती. पीएच.डी.नंतर मुलांच्या मानसोपचाराचं वर्षभराचं प्रशिक्षण तिने इथे घेतलं. ते आज संपत होतं. सोमवारी तिच्या खुर्चीत नवा शिकाऊ डॉक्टर बसणार होता आणि तिची एकवीस मुलं त्याच्याकडे जाणार होती.

ही इथली रीतच होती. सरकारी विम्यावरच्या गरीब मुलांना शिकाऊ डॉक्टर मिळत, आणि ते दर ऑगस्टला बदलत. निरोप कसा घ्यावा हेही शिकवलं जाई. महिनाभर आधी सांगावं, आणि शेवटच्या भेटीत सरोवराकाठचा एक गुळगुळीत खडा आठवण म्हणून मुलाच्या हाती ठेवावा. ही पद्धत कोणी वाईट मनाने पाडली नव्हती. म्हणूनच कदाचित ती कोणाला टोचत नव्हती.

कॅरिनच्या खिशात आता एकच खडा उरला होता. जोलीनचा.

बारा वर्षांची जोलीन पाच वर्षांपूर्वी आई गेल्यापासून आजीजवळ, व्हर्नाजवळ, राहत होती. घराबाहेर ती कोणाशी बोलत नसे. कॅरिनकडेही आठ महिने नुसती चित्रं काढत बसली. मग मे महिन्यात एके दिवशी रंगीत खडूचा कागद सोलता सोलता म्हणाली, "आई झोपलीय असं वाटलं मला. मी पांघरूण घातलं आणि शाळेत गेले." एवढ्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं. त्यानंतर ती थोडीथोडी बोलू लागली. सुट्टी लागण्याआधी तिने वर्गात हात वर करून एक उत्तरसुद्धा दिलं.

सकाळीच कॅरिन आपले पर्यवेक्षक डॉ. प्रॅट यांच्याकडे जाऊन आली होती.

"जोलीनला मी माझ्याकडे नेऊ का, सर? मी गावातच आहे. टेकडीवरच्या खासगी दवाखान्यात."

"ते सरकारी विमा घेतात?"

"नाही."

प्रॅटनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मग इथेच येईन मी, आठवड्यातून एक तास."

"कोण म्हणून येशील? सोमवारी तू इथली कोणी नसशील. दरवर्षी एक जण एका मुलासाठी या खुर्चीत बसून रडतो, कॅरिन. मीही रडलोय. टिपण नीट लिही. तेवढंच आपल्या हातात आहे."

तिने टिपण नीट लिहिलं. चार पानं झाली.

दुपारी व्हर्ना नातीला घेऊन आली, कामावरच्या निळ्या डगल्यातच. "सकाळपासून हा बुटांचा खोका कुशीत घेऊन बसलीय ही. मला वाटलं, मांजराचं पिल्लू उचलून आणलं की काय."

आत गेल्यावर जोलीनने खोका उघडला आणि चार खडे टेबलावर एका ओळीत मांडले.

"हा डेल सरांचा. हा वेणीवाल्या बाईंचा, नाव विसरले. हा बाळ होणार होतं त्यांचा. आणि हा, सारखे घड्याळ बघायचे त्यांचा." तिने मान वर केली. "तुमचा आणलाय?"

खिशातला हात कॅरिनला बाहेर काढवेना.

"ते पांघरुणाचं तुम्ही कागदावर लिहिलंय?"

"लिहिलंय."

"म्हणजे सोमवारी त्या नव्या डॉक्टरला ते माहीत असणार. आणि मला त्याचं नावही माहीत नाही."

"तू तुझ्या वेळेने बोल त्याच्याशी. घाई कोणी..."

"मी येणार नाही," जोलीन म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकान बंद आहे असं सांगावं, तसं तिने सांगितलं. मग खोका कॅरिनकडे सरकवला. "हे तुम्हीच ठेवा."

बाहेर व्हर्नाने विचारलं, "तुम्ही कुठे चाललात, डॉक्टरबाई?"

"टेकडीवर. काचेच्या दारांची ती इमारत आहे ना, तिथे."

"तिथे?" व्हर्ना हसली. "गुरुवारी तिथली फरशी मीच पुसते की. चला, म्हणजे आपली तरी भेट होत राहील."

भेट झाली. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी, व्हर्ना बादली ढकलत कॅरिनच्या खोलीत आली. कपाटावर बुटांचा खोका होता; आत आता पाच खडे होते. तिने तो पाहिला आणि फडका बादलीत बुडवला.

"जोलीन कशी आहे?" कॅरिनने विचारलं.

"गप्प. पुन्हा पहिल्यासारखी. तुमच्या जागेवरच्याने दोनदा फोन केला. चांगला वाटला पोरगा. पण ही खोलीतून बाहेरच येत नाही. शाळेतल्या बाई खूष आहेत. म्हणतात, शहाणी आहे, काही त्रास देत नाही."

कॅरिन खाली बघत म्हणाली, "मी प्रशिक्षण मंडळाला पत्र लिहिलंय. मूल बरं होईपर्यंत डॉक्टर बदलू नये म्हणून. पुन्हाही लिहीन. उत्तर येईपर्यंत लिहीत राहीन."

"बरं केलंत." व्हर्नाने फडका पिळला. "तोवर ती केवढी होईल?"

कॅरिनने खोक्याकडे पाहिलं.

"पाय उचला जरा, डॉक्टरबाई."

कॅरिनने पाय उचलले. व्हर्नाने खुर्चीखालची फरशी स्वच्छ पुसली आणि बादली घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. फरशी ओली होती. कॅरिन तशीच, पाय वर धरून, बसून राहिली.