भरदुपारची गोष्ट आणि एक चाटू

“उद्या येताना, घरात पोरांवर जे उगारता ते घेऊन या. लपवू नका गं,” पालकांचा वर्ग घेणाऱ्या काराबेलोताईंनी बजावलं होतं. म्हणून त्या सकाळी मालिपुओने, म्हणजे छोट्या लिपुओच्या आईने, मला खांद्यावरच्या घोंगडीखाली धरलं आणि मी भीतीने गार पडलो.

मित्रांनो, मी एक जुना चाटू आहे. लेसोथोच्या डोंगरात लिपुओच्या आजोबांनी मला रानऑलिव्हच्या लाकडातून कोरलं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आमच्याकडचा ‘पापा’, घोटणं हे माझं काम. गुठळी राहिली नाही की आजोबा म्हणत, “देवाची कृपा आणि चाटूची मेहनत!” एका कोरड्या वर्षी शेजारच्या गावच्या मुलींनी पावसासाठी, रीतीप्रमाणे, मला पळवून नेलं, नाचवलं आणि परत आणून दिलं. तेव्हाही मी घाबरलो होतो. पण ती भीती गोड होती.

खरी भीती गेल्या हिवाळ्यात कळली. लिपुओ भरदुपारी कुंपणाशी बसून शाळेच्या पुस्तकातलं मोठ्याने म्हणत होती, “ससा सिंहाला म्हणाला...” आमच्याकडे गोष्ट सूर्य मावळल्यावरच सांगतात. उन्हात सांगणाऱ्याच्या डोक्याला शिंगं फुटतात, असं मालिपुओ लहानपणापासून ऐकत आलेली. तिला स्वतःला अक्षर येत नाही. पोर वाचते आहे हे तिला उमगलंच नाही. ती घाबरली. हातात मी होतो. पोरीच्या पाठीवर मी सपकन पडलो.

तेव्हापासून मला खुंटीवरून काढलं की लिपुओ भिंतीला टेकते. मीही थरथरतो. हा हात पातेल्याकडे जाणार, की तिच्याकडे? पुस्तक तिने कुठेतरी दडवलं. वाचणं बंदच.

वर्गात पट्टे, काठ्या, चपला यांच्या शेजारी मला ठेवलं.

“अगंबाई, चाटू?” एक शेजारीण हसली. “मग जेवायला मारच वाढतेस होय गं?”

मालिपुओ हसली नाही. घडलं ते तिने खाली मान घालून सांगितलं. काराबेलोताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

“अगं, ती गोष्ट सांगत नव्हती. अभ्यास वाचत होती.”

“अभ्यास?” मालिपुओने चमकून वर पाहिलं. “मला वाटलं, माझ्या लेकराला काहीतरी होईल.”

“तुझी काळजी तिला दिसली नाही गं. तिला मार तेवढा कळला. आज उजेडात तिच्याजवळ बस. वाच म्हण. अडखळली तरी ऐक.”

“आणि शिंगं?” शेजारणीने हळूच विचारलं. आता तीही हसत नव्हती.

मालिपुओने काठ्यांमधून मला उचलून घेतलं. “फुटायची तर माझ्या डोक्याला फुटू देत,” ती म्हणाली. “बसेन मी. शब्द देते.”

घरी आलो तेव्हा ऊन चांगलंच होतं. आईच्या हातात मला पाहताच अंगणातली लिपुओ मागे सरकत भिंतीला टेकली. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

मित्रांनो, तुमच्या घरातला चाटू पातेल्यातच राहू द्या. जी वस्तू भुकेल्याला भरवते, तिला पाहून कुणा लेकराला जीव मुठीत धरावा लागू नये.

मालिपुओने चुलीशी जाऊन मला रिकाम्या पातेल्यात ठेवलं. दारात ती क्षणभर थांबली, बाहेरच्या लख्ख उन्हाकडे पाहत ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटली आणि मोकळ्या हातांनी हळूच लेकीकडे निघाली.