गालावरचा चौकोन

संस्थेत त्यांना सगळे खळबाई म्हणत, कारण जुन्या हस्तलिखितांची फाटकी पाने जोडायची खळ त्यांच्या बाह्यांना कायमची चिकटलेली असे. नक्षत्रांवरचा एक ग्रंथ त्यांनी तीन वर्षे खपून वाचवला होता. पूर्वीच्या कुण्या शहाण्याने त्यावर सरसाचा थर चोपडला होता. तो त्यांनी पात्याने, श्वास रोखून, पान-पान करून खरवडला. आता त्या ग्रंथावर माहितीपट निघत होता आणि त्यात कुणीतरी चार मिनिटे बोलायचे होते. तीन वर्षांच्या बदल्यात खळबाईंना ती चार मिनिटे हवी होती. अधिक काही नाही.

संचालकांना मात्र निराळीच विवंचना. चाचणीचे चित्रण मोठ्या पडद्यावर पाहताना ते म्हणाले, "बाई, तुमच्या ज्ञानाबद्दल प्रश्नच नाही. पण क्लोज-अपमध्ये गालावरची लव फार दिसते हो. असं करा, तुम्ही लिहून द्या, जनसंपर्कातली मुलगी बोलेल. तिचा चेहरा कसा, नितळ!"

त्याच पडद्यावर, त्याच मापात, प्रास्ताविकाची चाचणी दिलेल्या संचालकांच्या कानांतली वनराई डोलत होती. तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. पुरुषाच्या कानातले केस म्हणजे अनुभव आणि बाईच्या गालावरची लव म्हणजे अडचण, हा सिद्धान्त कोणत्याही ग्रंथात नाही. त्यामुळे तो खोडताही येत नाही.

"चित्रण गुरुवारी आहे ना? तोवर लव जाईल," खळबाई म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी चेहऱ्यासाठीचे छोटे पाते आणले आणि सोबतची सूचना तीनदा वाचली. त्वचा कोरडी हवी, ताणून धरावी, पाते तिरपे ठेवून हलक्या हाताने वरून खाली न्यावे. हे तर त्यांचे रोजचेच काम! आणि तिथेच घात झाला. कारण त्यांच्या कामाचा पहिला नियम असा की, अख्ख्या पानाला हात लावण्यापूर्वी इंचभर जागेवर चाचणी घ्यावी आणि चोवीस तास थांबावे. जागा आडबाजूची असावी, असेही नियम सांगतो. चेहऱ्याला आडबाजू नसते, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानी आले नसावे. खळबाईंनी डाव्या गालावर कागदी पट्ट्या लावल्या, इंच बाय इंच चौकोन आखला, तेवढाच स्वच्छ खरवडला आणि वहीत नोंदवले : "लव गेली. किंचित लाली. उद्या पाहणे."

थोरल्या बहिणीने खोलीत डोकावले आणि ती दारातच थबकली. "अगं, गालाला खिडकी काय पाडलीस?"

"चाचणी आहे, ताई."

"शितावरून भाताची परीक्षा करतात, तोंडाची नाही! आणि आता तिथं राठ दाढी येईल, बघ."

"काही येत नाही. पातं वरचं टोक कापतं, मुळाला त्याचा पत्ताही नसतो."

तेवढ्यात संचालकांचा फोन आला : चित्रण गुरुवारी नाही, उद्या सकाळी दहाला.

"मग उरक ना बाकीचं! पाच मिनिटांचं काम."

"चोवीस तास झाले नाहीत."

"अगं, तो गाल आहे, ग्रंथ नाही!"

"त्या सरसवाल्यानंही पाच मिनिटांतच उरकलं होतं, ताई. तीन वर्षं मी निस्तरत बसले."

बहिणीने कपाळाला हात लावला. तिच्या कपाळावर निदान सगळीकडे सारखीच कातडी होती.

सकाळपर्यंत लाली ओसरली, पण चित्रणासाठी बाजूचा दिवा लागताच चौकोन घासलेल्या ताटासारखा लखलखला. संचालक कळवळले, "बाई, हे काय करून बसलात! बोलवा त्या मुलीला."

मुलगी कागद घेऊन आली. चार ओळी झाल्यावर कॅमेरावाल्याने सहज विचारले, "पण खरवडताना थांबायचं कुठं, ते कसं कळतं?"

मुलीने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ते इथं नाहीये. बाईंना विचारा ना."

खळबाई दिव्यापुढे आल्या आणि त्यांनी गाल पुढे केला.

"हा चौकोन मी काल साफ केला. आम्ही आधी एवढंच करतो आणि थांबतो. मग साफ केलेलं नि न केलेलं शेजारी ठेवून विचारतो, जे काढलं ते पानाला खात होतं का? सरस खात होता, म्हणून काढला. ही लव कुणाचं काही खात नव्हती. म्हणून हे काम इथंच थांबवलं."

"हे कापा," संचालक कुजबुजले.

"सर, सबंध फिल्ममध्ये ठेवण्यासारखं एवढंच आहे," कॅमेरावाला म्हणाला. त्याने कॅमेरा बंद केला नाही, आणि चार मिनिटांची अकरा झाली.

त्या संध्याकाळी वहीत नोंद झाली : "पुढील काम अनावश्यक."

दुसऱ्या दिवशी संचालक कार्यालयात आले, ते दोन्ही कानांना चिकटपट्ट्या लावून. चाचणी न घेता एकदम सगळीकडे हात घातला की असेच होते.