भिंतीपलीकडची फांदी

हजला निघण्याआधी अम्मी आमच्या कन्हेरी गावात घरोघरी जाऊन माफी मागून आल्या. तशी रीतच आहे. कळत-नकळत काही बोललं गेलं असेल तर माफ करा म्हणायचं आणि मोकळ्या मनानं निघायचं. शेजारच्या सुधाकाकूंकडे मात्र अम्मी माफी मागायला गेल्या आणि भांडून परत आल्या.

भांडण जुनंच. आमच्या गुलाबाची एक फांदी भिंतीवरून काकूंच्या अंगणात उतरली होती. काकू म्हणायच्या, माझ्या अंगणात उमलतं ते फूल माझं. अम्मी म्हणायच्या, मूळ कुणाच्या दारात हाय ते बघ आधी. दोघींनी या एका फांदीवर इतकी वर्षं काढली होती की फांदी तोडली असती तर दोघींना बोलायला विषय उरला नसता.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, खतिजा. इंदापूरच्या. लग्न होऊन कन्हेरीला आल्या तेव्हा त्यांच्या आईनं, अम्मानं, अंगणातल्या गुलाबाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर दिली होती. त्या काडीचं हे झाड. गावठी, फिकट गुलाबी, पाकळ्या थोड्या. पण सकाळी दार उघडलं की वास थेट चुलीपर्यंत यायचा. इंदापूरचं अंगण आता राहिलं नाही. अम्मींच्या भावांनी तिथं गाळे बांधले, मूळ झाड त्यात गेलं. म्हणजे अम्मींच्या आईचं जगात जे काही उरलं होतं, ते आमच्या दारात होतं. दर जुम्म्याला, शुक्रवारी, त्याची फुलं अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कबरीवर जायची.

गाडीत बसताना अम्मींनी मला जवळ ओढलं. मला वाटलं, दुवा देतील. म्हणाल्या, "शगुफ्ता, गुलाबाकडं बघ. बाकी घर मोईन बघंल."

बाकी घराचं सोडा, मोईननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गुलाबच बघितला.

झालं ते असं. कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड पडली होती. मी त्याला म्हटलं, जरा निंबोळी अर्क मारा. मोईन एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला आहे. ड्युटीवरून आला, पाठीला पंप अडकवला आणि झाड नखशिखांत भिजवून टाकलं. माणूस कामाला वाघ आहे, पण वाघाला डोकं किती असतं ते मला माहीत नाही. दोन दिवसांत शेंडे वाकडे झाले. नवी पानं शेवेसारखी बारीक आणि पिळलेली निघाली. मी पंपाचं झाकण उघडून वास घेतला.

"ह्यो पंप उसात मारला होता का?"

मोईन पंपाचा पट्टा गुंडाळू लागला.

"तणनाशक मारलं होतं ना? मग धुतला होता का?"

"खंगाळला होता," तो म्हणाला. "पाणी घालून हलवला होता थोडा."

मला राग आवरेना. पंप उचलून अंगणात आपटला आणि मग तिथंच बसून रडले. झाडाकडे बघवत नव्हतं. पंप धड न धुता उसातून भाजीत, भाजीतून डाळिंबात फिरवणारी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी आहेत. पण ती चूक आपल्याच दारात, आपल्याच नवऱ्याच्या हातून आणि याच झाडावर व्हावी!

तशीच स्कूटी काढून बारामतीला कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदारानं मोबाईलवरचे फोटो मोठे करून बघितले आणि मान हलवली. "झाड गेलं ताई. आता एकच करा. ज्या फांदीवर फवारा गेला न्हाय, तिच्या काड्या लावा. पण आजच. औषध आतनं सगळीकडं चढतंय. उद्यापर्यंत त्या फांदीत बी आलं तर काडी लागायची न्हाय."

फवारा न लागलेली फांदी एकच होती. भिंतीपलीकडची.

परत येताना उन्हानं हात भाजत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, काकूंना काय सांगायचं. खरं सांगावं तर सांजेपर्यंत कन्हेरीभर होणार, आणि अम्मींना मक्केत फोन करून सांगणाऱ्या बाया आमच्या गावात कमी नाहीत. खोटं मला जमत नाही. तोंडावर लगेच दिसतं.

सुधाकाकू ओसरीत गहू निवडत होत्या. मी कात्री हातात घेऊन उभी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"काय झालं?"

सांगितलं सगळं. वाटलं, आता म्हणतील, आता कळलं का फांदी कुणाची ते.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मोईनला अक्कल कधी यायची? आणि तू मागाय आलीस व्हय काडी? मागून नेलेलं लागत न्हाय, शगुफ्ता. चोरून नेलेलंच लागतं."

"काकू, चेष्टा करू नका हो."

"चेष्टा न्हाय." त्या उठल्या. "मी आत चहा टाकते. माझी पाठ हिकडं हाय. मला काय दिसत न्हाय."

आणि खरंच आत गेल्या. मी चोरासारखी, चोरच म्हणा, फांदीला हात घातला. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, नुकतंच फूल येऊन गेलेल्या पाच काड्या निघाल्या. आत काकू उगाचच भांडी वाजवत होत्या. चहाला थांबले नाही. चोरीनंतर चहा पिऊन जायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

घरी येऊन प्रत्येक काडी खालच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली तिरकी कापली. वरची दोन पानं ठेवली, तीही अर्धी कातरली. मुळं नसलेल्या काडीला जास्त पानं पोसवत नाहीत. टोक कोरफडीच्या गरात बुडवलं. धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा डब्यांत भरला, आधी बोटानं भोक पाडलं आणि मगच काडी आत सरकवली, गर पुसला जाऊ नये म्हणून. वरून पाण्याच्या बाटल्या कापून टोपीसारख्या घातल्या. पाण्याच्या टाकीखाली गार सावली असते, तिथं पाचही डबे ठेवले आणि मोईनला सांगितलं, "हितं फिरकायचं न्हाय."

तो फिरकला. अपराधी माणूस स्वस्थ बसत नाही. ड्युटीवर जाताना तांब्याभर, आल्यावर तांब्याभर, मला चुकवून पाणी घालत राहिला. एके सकाळी बाटली उचलली तर कुबट वास आला. दोन काड्या बुडापासून काळ्या पडल्या होत्या. बोट लावलं तर साल मऊ होऊन निघून आली.

"मुळं न्हाईत अजून, पाणी पिणार कशानं?" मी ओरडले. "कुजवलंत तुमी!"

"ऊन किती हाय बघ की. मला वाटलं, तहान लागली आसंल."

मी चिडून गेले आत.

अम्मींचा व्हिडिओ कॉल रात्रीचं जेवण झालं की यायचा. मागे झगझगीत दिवे, माणसांची गर्दी, अम्मी पांढऱ्या ओढणीत. सगळ्यांचं विचारून झालं की म्हणायच्या, "गुलाब दाव." मोईन म्हणायचा, "रेंज न्हाय तिकडं, अम्मी. फुलतोय. लय फुलतोय." मी उठून आत जायचे. सांगून टाकू या, असं मी त्याला दोनदा म्हटलं. त्यानं हात जोडले. "ती हज करतीय, शगुफ्ता. आयुष्यभर वाट बघितली तिनं. तिचं मन तितं राहू दे, हिकडं नको." या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मी गप्प बसले. पण दर वेळी "लय फुलतोय" ऐकताना कान झाकून घ्यावेसे वाटायचे. मोईन एकीकडे अल्लाच्या घरात बसलेल्या आईशी खोटं बोलत होता आणि दुसरीकडे अंगणात झाड काळं पडत होतं. भिंतीपलीकडची फांदीही पिळवटली. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

उरल्या तीन काड्या. त्यातल्या एकीला चक्क पालवी फुटली. लालसर, तकतकीत. मी धावत भिंतीशी गेले आणि काकूंना हाक मारली. काकू स्टुलावर चढून डोकावल्या, त्यांनी देवाला हात जोडले. आठवड्याभरात ती पालवी मान टाकून पडली. काडी उपसून पाहिली तर खाली एकही मूळ नाही. अंगातल्या साठ्यावर तेवढी पानं काढली आणि साठा संपल्यावर गेली बिचारी. तेव्हापासून माझा पानांवरचा विश्वास उडाला. चौथी वाळली, तिचं दुःख करायलाही त्राण नव्हतं.

राहिली एक. तिलाही पालवी फुटली आणि माझी झोप उडाली. मूळ आहे की नाही, हे बघायचा मार्ग एकच, हलकं ओढून पाहणं. आणि कोवळं मूळ असलं तर ते त्या ओढण्यानंच तुटणार. ओढावं तरी मरण, न ओढावं तरी जीव टांगलेला. मी ओढलं नाही. मोईनचा हात त्या दिशेला गेला की चापट मारायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माहीत नव्हतं तोवर ती काडी जिवंत होती.

अम्मी यायच्या आदल्या दिवशी मोईन कुऱ्हाड घेऊन झाडापाशी उभा राहिला. "काढून टाकू. तिला दिसायला नको."

"झाड लपवायचं न्हाय," मी म्हणाले. "त्यांना सांगायचं. आणि तुमीच सांगायचं."

अम्मी आल्या तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. हार, खजूर, गळाभेटी. प्रत्येक जण हाजीणबाईंच्या गळ्यात पडून रडत होता. अम्मींचे डोळे मात्र कोरडे होते, त्या सगळ्यांची पाठ थोपटत होत्या. मक्केतल्या पवित्र विहिरीच्या, जमजमच्या पाण्याचा कॅन उघडला, छोट्या पेल्यांत पाणी वाटलं जाऊ लागलं. एवढ्या गर्दीत त्या मान उंच करून कोपरा शोधत होत्या. शेवटी माणसं बाजूला सारून गेल्याच. काळ्या खोडापाशी थांबल्या.

"ऊन..." मोईननं सुरुवात केली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो अम्मींच्या समोर आला. "ऊन न्हाय, अम्मी. माझ्या हातनं झालं. तणनाशकाचा पंप न धुता मारला. आणि तुला रोज खोटं सांगितलं."

अम्मींनी खोडावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "समदंच गेलं?"

"एक काडी हाय," मी म्हणाले. "धरलीय का न्हाय, माहीत न्हाय."

मी त्यांना टाकीखाली नेलं. माझ्यामागून अर्धं अंगण आलं. अम्मी गुडघे धरत खाली बसल्या, बाटली उचलली, लालसर पानांकडे पाहत राहिल्या. मग हातातला जमजमचा पेला त्यांनी डब्यावर धरला. ओठ हलत होते, दुवा चालली होती. मागून कुणी म्हणालं, "माझ्यातलं बी घाला." "ह्यो घ्या, आमचा बी." पाच-सहा पेले पुढे आले. सगळ्यांचं मन चांगलंच होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन काळ्या काड्या आल्या, साल मऊ होऊन बोटाला लागलेली.

"ओतू नका!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. अम्मींचं मनगट मी धरून ठेवलं होतं. हजहून नुकत्याच आलेल्या सासूचं, भरल्या अंगणात.

"तोबा, तोबा," कुणीतरी म्हणालं. "जमजमला न्हाय म्हणती ही?"

"कुजंल ते," मी म्हणाले. हात सोडला नाही. "कालच ओलावा बघितलाय मी. वर पाणी न्हाय चालायचं, कुठलं बी. अम्मी, मारा मला हवं तर. पण एवढीच राहिलीय."

अम्मींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. महिनाभराची उडालेली झोप तिथं दिसत असावी. मग त्यांनी पेला माझ्यासमोर धरला.

"मग तू पी."

"मी?"

"तूच लावलीस नव्हं? मग झाडाचं पाणी तुलाच. पी."

मी उठले, किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड केलं, बिस्मिल्ला म्हणून प्यायले. अर्धं हनुवटीवर सांडलं.

"आता ओढून बघ," अम्मी म्हणाल्या.

"मला भ्या वाटतं, अम्मी."

"मला बी वाटतंय. ओढ."

मी दोन बोटांत काडी धरली. हलकेच वर ओढलं. काडी हलली नाही. जरासं आणखी ओढलं, तर काडीबरोबर डब्यातली वाळूच वर उचलली जाऊ लागली, आणि मी चटकन सोडून दिलं.

"धरलंय," मी म्हणाले. "अम्मी, धरलंय!"

भिंतीवरून सुधाकाकूंचं डोकं वर आलं. किती वेळ स्टुलावर उभ्या होत्या कोण जाणे. "धरणारच! चोरीचं हाय ते, माझ्या अंगणातलं. खतिजा, आता मूळ कुणाचं ते सांग मला."

अम्मी उत्तर द्यायला उठतायत असं वाटलं. पण त्यांना उठता आलं नाही. डबा दोन्ही हातांत धरून त्या टाकीखालच्या ओल्या फरशीवर बसल्या आणि "अम्मा गं" म्हणून मोठ्यानं रडल्या.