वीसपैकी वीस

बाईंनी पेपर तिसऱ्यांदा तपासला. चूक काही सापडेना, म्हणून त्या आणखीच बेचैन झाल्या. इंग्रजी शब्दांच्या जातींची चाचणी, आणि शेवटच्या बाकावरच्या पोरीला वीसपैकी वीस! मागच्या खेपेला तिला तीन पडले होते. नाउन कुठलं नि व्हर्ब कुठलं, असं विचारलं की ही आपली जमिनीकडे बघायची. अख्खा वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा.

‘गोगलगाय नि पोटात पाय,’ बाई मनात म्हणाल्या. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरतंय कशाला! चाचणीआधी प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या खोलीत, बाईंच्या कपाटात होत्या. त्या खोलीची किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. आणि मावशी कोण, तर याच पोरीची आई. झालं! बाई तरातरा मोठ्या बाईंकडे गेल्या. खरं निघालं तर मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगावं लागेल, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर पोरीला एकटीला थांबवलं. मावशींना दाराशी उभं केलं, तेही पाठमोरं. न जाणो, खाणाखुणा करायच्या. बाईंनी फळ्यावर पुस्तकाबाहेरचे दहा शब्द लिहिले. पोरीने ‘टेबल’खाली नाउन लिहिलं, ‘जंप’खाली व्हर्ब. ‘स्लोली’पाशी अडली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि ॲडव्हर्ब लिहून मोकळी झाली. दहाच्या दहा बरोबर. खरं सांगायचं तर बाईंना त्याचं थोडं वाईटच वाटलं.

कुणी शिकवलं, म्हणून खोदून विचारलं, तेव्हा पोर बोलती झाली. आई रोज सहा वर्ग झाडते, वरच्या इयत्तांचेसुद्धा. फळा सगळ्यात शेवटी. मागच्या चाचणीपासून ठरलंय, त्यावर इंग्रजी असेल तर एकेका शब्दाची जात हिने सांगायची, मगच आई तो शब्द पुसणार. अडलं तर वहीत शोधायचं, तोवर घरी जायचं नाव नाही. आईला स्वतःला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

बाई ओशाळल्या. “मावशी, वळा इकडे. तुमच्यावर आता काही आळ नाही. मोठ्या बाईंना मी आत्ताच सांगते.”

मावशी वळल्या. त्यांनी आधी लेकीला जवळ घेतलं.

“बाई, हिचा एक शब्द चुकला असता, तर मी चोर ठरले असते ना?”

बाईंना उत्तर येत होतं.