कोरं रक्त

तिने प्लेट उजेडाकडे धरली आणि शेवटच्या रांगेतले ठिपके पुन्हा मोजले. ती रांग कोरी राहायला हवी होती. त्या रांगेत तिचं स्वतःचं रक्त होतं.

"तीनदा केलं ना?" पलीकडच्या टेबलावरून तंत्रज्ञाने विचारलं. निवृत्तीला आलेल्या या माणसाला सगळी प्रयोगशाळा मास्तर म्हणायची.

"तीनदा. नळ्यांची अदलाबदलही झालेली नाही."

"मग मॅडम, तुम्हीच फितूर निघालात."

तिला हसू आलं नाही. घशाच्या एका तापातून उठलेल्या माणसांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तो ताप आणणाऱ्या जंतूचं विष लक्षात ठेवतात. पण जखमेत वाढणाऱ्या भलत्याच जंतूचं विषही त्या ओळखतात, हे ती चार वर्षं तपासत होती. दोन्ही विषांतला एक बारीकसा तुकडा सारखा असतो. पेशींना तेवढा पुरतो. ओळख पटली की प्लेटवर ठिपका उमटतो. तुलनेसाठी, यातलं काहीच न झालेल्या माणसाचं रक्त लागायचं. या खेपेला ते तिने बिनदिक्कत आपलं दिलं होतं.

"लहानपणी होऊन गेलं असेल," मास्तर म्हणाले. "घरात कोणाला झालं होतं?"

"धाकट्या बहिणीला. त्यातच गेली ती. पण मी तेव्हा मावशीकडे होते."

हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. बिट्टीचा विषय निघाला की आई आणि दादा एकमेकांकडे बघून गप्प व्हायचे. तिने काही विचारलं तर आई म्हणायची, "तू नव्हतीस गं, तुला काय सांगू." त्या दुःखात तिला कोणी घेतलंच नाही. पुढे आई गेली तेव्हाही तिला त्या घरात आपण पाहुणे आहोत असंच वाटत राहिलं, आणि दादाशी बोलणं वाढदिवसापुरतं उरलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. जिन्यातल्या खिडकीशी उभं राहून तिने दादाला फोन लावला.

"दादा, मी मावशीकडे किती दिवस होते?"

"आज काय हे मध्येच?"

"माझं रक्त तपासलं. बिट्टीचा ताप मलाही येऊन गेला असावा."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"तू गेलीच नव्हतीस मावशीकडे," दादा म्हणाला. "आधी तूच आजारी पडलीस. तू उठलीस आणि बिट्टीने अंथरूण धरलं. शेजारच्या काकू तुझ्यादेखत काहीतरी बोलून गेल्या. मग तू रोज विचारायचीस, माझ्यामुळे गेली का ती? चार वर्षांची होतीस. आईने मला समोर बसवलं आणि म्हणाली, ही इथे नव्हतीच. आम्ही दोघांनी तेच पाठ केलं."

तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. आईचा राग यावा की तिच्या कुशीत शिरावं, तिला कळेना. आता दोन्हीची सोय नव्हती.

"रक्तावरून कळतं का गं, कोणाचं कोणाला लागलं ते?" दादाचा आवाज बारीक झाला होता.

"नाही कळत. तो नेमका कुठला जंतू होता, तेसुद्धा कळत नाही. तो तुकडा बऱ्याच जंतूंत असतो."

"मग झालं तर."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कशी होती ती, दादा?"

"तुझी बाही धरून झोपायची," तो म्हणाला. "दुखण्यातही सोडायला तयार नव्हती."

टेबलाशी परत येऊन तिने रक्त देणाऱ्यांच्या फाइलमधून स्वतःचा फॉर्म काढला. 'हा आजार पूर्वी झाला होता का?' याच्यापुढचं 'नाही' तिने खोडलं. खालचे दोन प्रश्न तिने तेव्हा नुसती रेघ मारून सोडले होते.

'घरात आणखी कोणाला?' धाकटी बहीण, तिने लिहिलं.

'त्या काळात तुम्ही रुग्णासोबत राहत होता का?'

मास्तर जेवून आले. "मग काय, नवं कोरं रक्त शोधायचं?"

"हो," ती म्हणाली, आणि 'होय'वर खूण केली.